माजघरातला राऊटर आणि दशावताराची डिस्क: प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो.

मालवण तालुक्यातल्या आमच्या घरी माजघरातल्या फडताळावर एक जुना राऊटर आहे. साडेतीन इंची हार्डडिस्क त्याच्या आतच बसवलेली आहे. वायफाय तोच देतो आणि घरभरच्या फाइलीही तोच सांभाळतो. थोरल्या भावाने तो बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईहून आणला. त्यावर घराचे आणि कलमांच्या बागेचे कागद स्कॅन करून ठेवलेले आहेत, पण खरा ऐवज वेगळाच आहे: बाबांनी जत्रांमधून हँडीकॅमवर टिपलेले दशावतार या कोकणच्या लोकनाट्याचे प्रयोग.

दशावतारात संवाद लिहून पाठ केलेले नसतात. आख्यान ठरतं, कोणी कोणतं सोंग घ्यायचं ते ठरतं, आणि पुढचं सगळं नट पायपेटी-पखवाजाच्या साथीने उभ्या-उभ्या रचत जातो. तेच आख्यान दुसऱ्या गावच्या जत्रेत दुसऱ्या बोलण्याने रंगतं. त्यामुळे एका रात्रीचं चित्रण गेलं की ती रात्र गेली, तिची संहिता कुठेच सापडत नाही. मूळ मिनी डीव्ही कॅसेटींना बुरशी लागली आहे. त्या उतरवून घ्यायला लागणारं फायरवायर पोर्टही आताच्या लॅपटॉपना नसतं. म्हणजे घरात जे काही शिल्लक आहे ते या डब्यात.

आणि हा डबा आता नव्या लॅपटॉपवरून उघडत नाही. दिवे लागतात, वायफाय चालतं, फोल्डर मात्र दिसत नाही.

१३ एप्रिल

कारण सापडलं. डबा फाइली वाटतो त्या एसएमबी नावाच्या पद्धतीने, आणि त्याला त्या पद्धतीची फक्त पहिली आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती आवृत्ती येणं बंद झालं. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन ती पुन्हा चालू करता येते, आणि बरेच जण तेच सुचवतात. मी करणार नाही. एका जुन्या डब्यासाठी घरातला प्रत्येक संगणक उघडा टाकण्यात अर्थ नाही.

डब्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, शोधलं. कंपनीचं शेवटचं अपडेट कित्येक वर्षांपूर्वीचं आहे, पुढे काही नाही.

हा प्रकार एका कंपनीपुरता नाही, ही रचनाच तशी आहे. एसूसने २००६ मध्ये डब्ल्यूएल-७००जीई आणला, राऊटरच्या आतच १६० जीबीची डिस्क. ॲपलने जानेवारी २००८ मध्ये तशीच टाइम कॅप्सूल आणली आणि एप्रिल २०१८ मध्ये सगळे राऊटर बनवणंच थांबवलं. यातल्या बहुतेक डब्यांत फाइली वाटण्याचं काम सांबा करतं. अँड्र्यू ट्रिजेलने ऑस्ट्रेलियात १९९२ च्या सुमारास सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आजही जिवंत आहे, त्याच्या नव्या आवृत्त्या येत असतात. पण डबा कारखान्यातून निघतो त्या दिवशी जी आवृत्ती आत असते, तीच त्याच्या कपाळी राहते. डिस्कचं आयुष्य वेगळं, वायफायच्या चिपचं वेगळं, सॉफ्टवेअरचं त्याहून वेगळं. तिन्ही एका खोक्यात बंद केली की सगळ्यात आधी जे संपेल ते बाकी दोघांना घेऊन बुडतं.

तेव्हा नव्या व्यवस्थेला माझी अट एकच आहे. डिस्क हाताने काढून दुसऱ्या कुठल्याही संगणकाला लावता आली पाहिजे, आणि राऊटरचं सॉफ्टवेअर कोणीतरी अजून दुरुस्त करत असलं पाहिजे.

१९ एप्रिल

डबा खोलला. स्क्रू तळाच्या रबरी पायांखाली लपवलेले होते. पंख्याच्या पात्यांवर पांढरट खारट थर, डिस्क धरून ठेवणाऱ्या पट्टीचे स्क्रू तांबेरलेले, आणि डिस्क व सर्किट यांच्या मधल्या ऊबदार फटीत मुंगळ्यांनी घातलेली अंडी. समुद्र घरापासून दिसत नाही, पण त्याची हवा येतेच.

डिस्क बाहेर काढून यूएसबी अडॉप्टरने लॅपटॉपला लावली. पहिलं काम तिची स्वतःची तब्येत वाचणं. डिस्क स्वतः ठेवते त्या ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदीत काही ‘पेंडिंग’ सेक्टर दिसले, म्हणजे डिस्कला वाचता न आलेले आणि तिने अजून बदलून न घेतलेले तुकडे. अशा डिस्कवर फोल्डर उघडून कॉपी करत बसू नये. डीडीरेस्क्यू लावलं. ते डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवतं, अडलेला भाग सोडून आधी चांगला भाग उचलतं, आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा एका फाइलीत ठेवतं. वीज गेली तरी नकाशावरून पुढे सुरू करता येतं. एप्रिलच्या उकाड्यात डिस्कवर टेबलफॅन सोडला आणि रात्रभर चालू ठेवलं.

२० एप्रिल

सकाळी प्रतिमा तयार होती. काही किलोबाइट सोडता सगळं उतरलं. पण लिनक्सवर माउंट करायला, म्हणजे फोल्डर दिसावेत म्हणून जोडायला, गेलो तर नकार: ब्लॉक साइज ६५५३६ चालणार नाही.

हे नीट लिहून ठेवतो, कारण असे जुने डबे गावागावांत आहेत आणि माणसं इथेच हात टेकतात. डिस्कवरची फाइल सिस्टिम ओळखीचीच, ईएक्सटी४ आहे. पण डब्यातला प्रोसेसर पॉवरपीसी जातीचा आहे आणि तो मेमरीची पानं ६४ किलोबाइटची धरतो. बनवणाऱ्यांनी डिस्कचे ब्लॉकही तेवढेच ठेवले. आपल्या लॅपटॉपवर मेमरीचं पान ४ किलोबाइटचं असतं, आणि माझ्याकडच्या कर्नलमधलं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं, ईएक्सटी४ पानापेक्षा मोठा ब्लॉक घेत नाही. डिस्क बिघडलेली नसते, माहितीही शाबूत असते, तरी संगणक नाही म्हणतो. बाजारात दाखवायला नेली तर ‘डिस्क गेली, फॉरमॅट करू का’ असं ऐकून परत यायची वेळ येते.

वाट डीबगएफएसमधून निघते. हे ईएक्सटी४ च्या दुरुस्ती साधनांसोबतच येतं आणि कर्नलला माउंट करायला न सांगता स्वतःच ब्लॉक वाचतं. त्यातली आरडम्प आज्ञा अख्खा फोल्डर बाहेर काढून देते. मूळ डिस्कला हात न लावता प्रतिमेवरच चालवली. कागदपत्रं आली, फोटो आले, आणि दुपारनंतर दशावताराच्या फाइली एकेक करून यायला लागल्या. डीव्हीचं चित्रण तासाला १३ जीबीच्या आसपास जागा खातं, त्यामुळे वेळ लागला.

पहिली फाइल उघडून पाहिली. पेट्रोमॅक्सचा उजेड, आडदशावतारातला, म्हणजे आख्यानाआधीच्या भागातला, संकासुर काळ्या वेशात येऊन प्रेक्षकांशी बोलतोय. कॅमेऱ्यामागून बाबांचा खोकला ऐकू येतो. सगळं शाबूत आहे.

२७ एप्रिल

नवा राऊटर निवडला. आत ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरसाठीचं लिनक्सवर बेतलेलं मुक्त सॉफ्टवेअर चालवायचं हे पक्कं होतं. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राऊटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, परवान्याप्रमाणे २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड कंपनीला खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. नावातला डब्ल्यूआरटी तिथूनच आलेला आहे. वीस वर्षं होऊन गेली तरी नव्या आवृत्त्या येतात, एप्रिल २०२५ मध्ये २४.१० चालू आहे. अट पुरी होते ती इथे.

घेताना बॉक्सवरच्या वेगाच्या आकड्यांकडे लक्ष दिलं नाही. पाहायच्या त्या गोष्टी बॉक्सवर छापत नाहीत: फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) किती, रॅम किती, चिप कोणती. ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅमवाल्या राऊटरवर आता जेमतेम वायफाय चालेल, डिस्कचं ओझं त्याच्यावर टाकू नये. मला मिळाला त्यात मीडियाटेकची एमटी७६२१ चिप आहे, दोन कोअर, ८८० मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम, १२८ एमबी फ्लॅश, एक यूएसबी ३.० पोर्ट. वापरलेला आहे, पण घराला पुरून उरेल.

ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतःचा राऊटर काढला, ओपनडब्ल्यूआरटी वन. त्यात १ जीबी रॅम आहे आणि एनव्हीएमई एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवायला एम.२ खाच आहे. डिस्क आत असूनही ती बाजारातली साधी डिस्क, केव्हाही काढता येणारी. या जातीचा डबा असाच बनायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. पुढच्या खेपेला तो घेईन.

४ मे

राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी चढवलं. डिस्क म्हणून बाहेरून लावायचा एसएसडी घेतला. यूएसबी ३.० पोर्ट ५ व्होल्टला ९०० मिलिअँपिअर देतो. फिरत्या डिस्कला सुरू होताना याहून जास्त ओढ लागू शकते आणि मग ती टकटक करत बसते. एसएसडीचा तो प्रश्न नाही.

डिस्क ईएक्सटी४ मध्ये, ४ किलोबाइटच्या ब्लॉकने फॉरमॅट केली. राऊटरला ती यूयूआयडीवरून, म्हणजे तिच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून, ओळखायला लावली, म्हणजे कुठल्याही क्रमाने लावली तरी त्याच जागी बसते. फाइल कधी वाचली याची नोंद बंद, उगाच लिहिणं नको. एसएमबीने फाइली वाटण्यासाठी सध्या केएसएमबीडी ठेवलं आहे. हे २०२१ पासून लिनक्स कर्नलमध्येच असतं, आटोपशीर आहे आणि या चिपला झेपतं.

काका शेजारच्या घरातून बघायला आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्यां बंद पडलां तर आमी काय करूचां?” प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर तोंडी देऊन चालणार नाही, करून दाखवावं लागेल.

११ मे

वेग मोजला. केबलवरून वाचताना सेकंदाला ५० एमबीच्या आसपास, माजघरातच ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर त्याच्या निम्मा. एवढं पुष्कळ झालं.

ओसरीवर मात्र भलतंच दिसलं. चिऱ्याची भिंत हातभर जाड आहे. ५ गिगाहर्ट्झ तिच्यापलीकडे जातच नाही, त्यामुळे तिथले फोन २.४ वर चालतात. ते एरवी बरे चालतात, पण डिस्कवरून काही मोठं कॉपी होत असलं की ओसरीवरचं वायफाय गळून पडतं. कॉपी थांबवली की परत येतं. राऊटरवर ताण येत असेल म्हणून पाहिलं, तर प्रोसेसर निवांत.

हा यूएसबी ३.० चा गोंगाट आहे. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. यूएसबी ३.० ची तार सेकंदाला ५ गिगाबिट वाहते तेव्हा तिच्यातून सांडणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जोरात असतो. वायफायचा जुना पट्टाही तोच. राऊटरच्या अँटेनापासून वीतभर अंतरावर, पातळ पत्र्याच्या खोक्यातली डिस्क आणि धातूच्या जाळीचं आवरण कमी असलेली तार असली की अँटेनाच्या कानाशीच ढोल वाजतो. डिस्क आत असलेल्या डब्यांत बनवणाऱ्यांना यासाठी धातूचं आवरण घालावं लागतं. बाहेरून लावली तर ते आपल्याकडे येतं.

डिस्कसोबतची तार काढून चांगल्या जाळीची, थोडी लांब तार लावली. डिस्क राऊटरपासून दूर, फडताळाच्या खालच्या कप्प्यात नेली. तेवढ्यानेच ओसरीवरचं वायफाय कॉपी चालू असताना टिकलं. हे करूनही कोणाचं भागलं नाही तर डिस्क यूएसबी २.० च्या वेगाने चालवावी. सेकंदाला ३० एमबी तरी मिळतात आणि सिनेमा पाहायला त्याचा दहावा हिस्साही लागत नाही.

१८ मे

दुपारपासून गडगडाट. आज वीज आणि तारांचं पाहिलं.

काकांच्या घरी नेट द्यायला खळ्यावरून तांब्याची लॅन केबल टाकलेली होती. ती काढली. दोन घरांमधून उघड्यावर गेलेली तांब्याची तार म्हणजे जवळपास वीज पडली की तिचा धक्का दोन्ही टोकांच्या यंत्रांत पोचवणारी वाट. शिवाय दोन्ही घरांचं अर्थिंग वेगळं, आणि कातळावर अर्थिंग धड लागत नाही. मेपर्यंत जांभा सुकून खडखडीत होतो, कोळसा-मिठाचा खड्डा करून पाणी घालत राहिलं तरच काही उपयोग. आता खळ्यावरून फायबर गेली आहे, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल जुळवणारे डबे. काचेतून वीज वाहत नाही.

इंटरनेटची फायबर खांबावरून येते तिला ताण धरायला पोलादी तार जोडलेली असते. ती तार वळचणीबाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडली, घरात फक्त फायबर आली. तार टाकणारी मुलं घाईत ही पोलादी तारही आत राऊटरपर्यंत आणून सोडतात. पाहून घ्यावं.

२५ मे

मान्सून आज देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मे महिन्यात! आठवडाभर कोसळतोच आहे, आंबा झाडावर भिजतोय. लोकांची तारांबळ उडाली आहे.

वीज दिवसातून कितीदा तरी जाते-येते. राऊटर १२ व्होल्टवर चालतो, फायबरचा डबाही १२ वर, म्हणून दोघांना मिळून लिथियम बॅटरीचा एक मिनी यूपीएस लावला आहे. इन्व्हर्टर असतानाही हा लागतोच, कारण पालटताना जो क्षणभर झटका बसतो तेवढ्यात राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि डिस्कवर चाललेलं लिखाण तुटतं. ईएक्सटी४ चं जर्नल (बदलांची नोंदवही) रचना सावरतं, अर्धी लिहिलेली फाइल नाही. यूपीएस घेताना त्याचे अँपिअर दोन्ही यंत्रांच्या अडॉप्टरांवरच्या बेरजेपेक्षा जास्त आहेत ना, ते बघितलं.

१५ जून

भावाला मुंबईहून फाइली हव्या आहेत. कंपन्यांच्या राऊटरवर यासाठी एक बटण असतं, ‘माझी डिस्क इंटरनेटवर द्या’ अशा अर्थाचं. ते बटण कधीही दाबू नये, आणि का ते इथे लिहितो.

एसूसच्या राऊटरांत एआयडिस्क आणि एआयक्लाउड नावाच्या सोयी होत्या. यूएसबी डिस्क बाहेरून उघडता यावी म्हणून. एआयडिस्कच्या मांडणीत मूळचा पर्याय असा होता की इंटरनेटवरच्या कोणालाही पासवर्डशिवाय पूर्ण प्रवेश. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोणीतरी असे राऊटर शोधून काढले आणि १२,९०० हून अधिक लोकांच्या डिस्क उघडल्या. डिस्कांवर इशाऱ्याची एक मजकूर फाइल ठेवून दिली होती, की तुमचं सगळं जगाला दिसतंय. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०१६ च्या तडजोडीत कंपनीवर वीस वर्षांच्या स्वतंत्र तपासणीची अट आली. दुसरं प्रकरण जून २०२१ चं. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या नेटवर्क डिस्कना २०१५ नंतर अपडेट नव्हतं. हल्लेखोरांनी बाहेरून फॅक्टरी रीसेट करून जगभरातल्या लोकांचे अनेक वर्षांचे फोटो पुसून टाकले. माझ्यासमोर बाबांच्या जत्रा आहेत. त्या अशा पुसल्या गेल्या तर कोणाकडे मागायच्या?

आमच्या राऊटरवर बाहेरच्या बाजूने एसएमबी नाही, एफटीपी (फाइली पाठवायची जुनी पद्धत) नाही, यूपीएनपी (आतल्या यंत्रांना आपणहून बाहेरचं दार उघडू देणारी सोय) बंद. भावासाठी वायरगार्ड, म्हणजे घरापर्यंतचा कुलूपबंद खासगी बोगदा, लावलं, आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीवरून, कारण जुन्या आयपीव्ही४ चा पत्ता इथे कंपनीच्या सामायिक जाळ्यामागे असतो आणि बाहेरून पोचताच येत नाही. त्याच्या फोनमधल्या किल्लीशिवाय दार कुठे आहे तेही दिसत नाही. त्यालाही फक्त वाचायची परवानगी. पुसायचं असेल तर गावी यावं.

१० ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, पाऊस जरा ओसरला. दमट हवेची पाहणी केली.

चालू राऊटर आत कोरडा आहे, कारण तो स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. काकांच्या घरातला जास्तीचा स्विच पावसाळाभर बंद होता, त्याच्या लॅन पोर्टातल्या पितळी टाचण्यांवर हिरवं किटण चढलंय. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून तो चालू करून ठेवला. पावसात यंत्रं बंद करून गुंडाळून ठेवायची आपली सवय इथे उलटी पडते. रिकाम्या पोर्टांना रबरी बुचं लावली, मुंगळ्यांसाठीही.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. घर भरलं आहे. मुंबई-पुण्याची सगळी मंडळी, प्रत्येकाच्या हातात फोन.

पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवलं आहे, त्यावरून इंटरनेट मिळतं, डिस्क दिसत नाही. घरच्यांना डिस्क दिसते. फोनवर व्हीएलसीतून फोल्डर उघडतात आणि मुलं सांगायला न लागता शिकली. डिस्कवरची चित्रणं टीव्हीला पुरवणारं मिनीडीएलएनए चालू केलं. राऊटरला चित्रण बदलून देण्याची ताकद नाही आणि टीव्हीला डीव्ही समजत नाही, म्हणून मे-जूनमध्ये लॅपटॉपवर प्रत्येक प्रयोगाची एच.२६४ या कमी जागा घेणाऱ्या रूपात प्रत करून ठेवली होती. तासाला दीड जीबी. मूळ डीव्ही फाइली बाजूच्या फोल्डरात आहेत, त्यांना हात लावायचा नाही. टीव्हीवर देवनागरी नावांतली जोडाक्षरं फुटून दिसतात, म्हणून प्रत्येक नावाच्या सुरुवातीला सालाचा आकडा घातला आहे. वाचता नाही आलं तरी क्रम लागतो.

भाची पुण्याहून मॅकबुक घेऊन आली आहे. तिला टाइम मशीनने बॅकअप घ्यायचा होता. केएसएमबीडीवर ते जमत नाही, सांबात त्यासाठी फ्रूट नावाचं मॉड्यूल आहे. केएसएमबीडी काढून सांबा घातलं. वेग जरा उतरला, पण कोणाला जाणवला नाही.

याच वेळी एक वेगळीच अडचण पुढे आली. भावाने त्याच्या जुन्या मॅकच्या डिस्कवरून राहिलेली चित्रणं आरसिंक या कॉपी करायच्या साधनाने चढवली आणि ‘आचऱ्याची जत्रा’ नावाचे दोन फोल्डर दिसायला लागले. अक्षर न् अक्षर सारखं. तरी संगणकाच्या लेखी नावं दोन.

दोष ‘ऱ’ मध्ये होता. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: एकसंध, यू+०९३१, किंवा सुटं, म्हणजे साधा र यू+०९३० आणि त्याखाली नुक्ता यू+०९३सी. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं नेहमी सुटी करून ठेवते. विंडोज आणि लिनक्स जे टाइप केलं तेच ठेवतात, आणि आपला कळफलक एकसंध ऱ देतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, ईएक्सटी४ ला मात्र बाइट वेगळे दिसतात. ‘सूर्य’, ‘कार्य’ यांना काही होत नाही. आचऱ्यासारखी, दऱ्याखोऱ्यांसारखी नावं तेवढी दुभंगतात. मराठी नावांनी फाइली ठेवणाऱ्या आणि जुना मॅक वापरणाऱ्या प्रत्येकाकडे हे होऊ शकतं. कन्व्हएमव्ही या साधनाने सगळी नावं एकसंध रूपात आणली, आधी नुसतं काय बदलेल ते दाखवायला लावून, मग खरं. दोन फोल्डरांतल्या फाइली चेकसमने, म्हणजे फाइलीतल्या माहितीवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने, ताडून एकत्र केल्या.

३१ ऑगस्ट

संध्याकाळच्या आरतीनंतर ओसरीवर टीव्ही आणला. जुन्या प्रयोगांपैकी एक लावला आणि वाडीतली जाणती माणसं बसली. नट कोण, पखवाजावर कोण, जत्रा कुठली, हे चित्रणात कुठेच लिहिलेलं नाही. बाबांना ते सांगून ठेवायची गरज वाटली नसेल, त्यांना सगळे ओळखत होते. काकांनी तर चेहरा दिसायच्या आधी नुसत्या आलापावरून नाव सांगितलं. मी लॅपटॉपवर लिहीत गेलो. प्रत्येक चित्रणाशेजारी त्याच नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवली आहे, युनिकोडमध्ये. तिला कुठलंही खास सॉफ्टवेअर लागत नाही. एका सोंगावरून दोघांचं एकमत झालं नाही, दोन्ही नावं लिहिली, कोणी काय सांगितलं त्यासकट.

या सगळ्या कामातलं हे सर्वात निकडीचं. डिस्क नवी मिळते, ओळखणारी माणसं नाही.

५ ऑक्टोबर

काकांच्या प्रश्नाचं उत्तर आज दिलं. राऊटरची वीज काढली. काकांच्याच नातवाला सांगितलं, डिस्क काढ आणि तुझ्या लॅपटॉपला लाव. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज आहे, विंडोजला ईएक्सटी४ सहजी वाचता येत नाही. म्हणून फडताळात डिस्कशेजारीच एक पेनड्राइव्ह ठेवला आहे, त्यावरून लिनक्स थेट सुरू होतं. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला, डिस्कवर क्लिक केलं, फोल्डर उघडला, संकासुर बोलायला लागला. मी हात लावला नाही. त्याने जे केलं ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घेतलं आणि वही फडताळात ठेवली. राऊटरचा पासवर्ड आणि सेटिंगच्या बॅकअप फाइलीची जागाही त्यात आहे.

विंडोज १० ची सुरक्षा अपडेटं १४ ऑक्टोबरला थांबतायत. घरातल्या दोन जुन्या लॅपटॉपांवर लिनक्स घालायचं आहे.

दुसरी प्रतही आज पुरी झाली. राऊटर म्हणजे बॅकअप नव्हे, तिथे आहे ती चालू प्रत. आरसिंकने सगळं एका फिरत्या हार्डडिस्कवर उतरवलं. कपाटात वर्षभर विजेविना पडून राहायचं असेल तर एसएसडीपेक्षा ही बरी. चेकसमची यादी सोबत ठेवली. ही डिस्क कुडाळला आत्याकडे राहील. समुद्रापासून लांब, वेगळ्या छपराखाली, आणि आत्या वस्तू हरवत नाही.

९ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली, जत्रा सुरू झाल्या. काल रात्रीचा प्रयोग पुतण्याने फोनवर टिपला, मंडळाच्या मालकांना विचारून, त्यांनाही प्रत द्यायच्या बोलीवर. सकाळी ओसरीवरूनच वायफायने डिस्कवर चढवला. सोबतची टेक्स्ट फाइल त्यानेच लिहिली: आख्यान, गाव, तिथी, नट, पायपेटी, पखवाज, झांज. हार्मोनियमवाल्यांचं गाव विचारायचं राहिलंय, ते पुढच्या जत्रेत भेटतील.

ओपनडब्ल्यूआरटीचं नवं किरकोळ अपडेट चढवलं. सेटिंग राहिली, सांबा पुन्हा घालावं लागलं, कारण वरून घातलेली पॅकेजं साध्या अपडेटमध्ये पुसली जातात. वहीत लिहिलं. कुडाळच्या डिस्कची पुढची खेप गुढीपाडव्याला, चेकसम ताडून.